माया ‘नाहीसे’ कधी झाले?

संपादक महाशय,

माया लोक इ.स. 900 च्या सुमारास गूढरीत्या नाहीसे झाले, हे आपल्या अंकातील लेखाचे विधान चूक आहे. ओस पडली ती दक्षिणेकडच्या सखल जंगलातली शहरे, तीही एका रात्रीत नव्हे. ग्वातेमालाच्या डोंगराळ भागात काक्चिकेल या माया लोकांनी दऱ्यांनी वेढलेल्या टेकाडावर इशिमचे ही राजधानी वसवली, ती 1470 च्या सुमारास. किचे या दुसऱ्या माया लोकांची राजधानी कुमारकाह 1524 मध्ये स्पॅनिश सेनानी पेद्रो दे अल्वारादोने जाळली. ती काय भुतांची होती?

डोंगराळ भाग ‘मागास’ होता, हेही पटत नाही. याच भागातल्या कामिनालहुयू या प्राचीन शहरात इसवी सनापूर्वीच कालवे आणि कोरीव शिल्पे होती. तिथल्या जुन्या वास्तूंचे बहुतेक उंचवटे ग्वातेमाला शहराच्या वाढीत गेले. लेखकाला काही दिसले नाही, ते बहुधा त्यामुळेच.

आपला,
एक वाचक, नाशिक