कोयत्याला कोयता म्हणा, बाकीच्याला नको!

मंडळी, हा वीकांत खरं तर झोपण्यात घालवायचा होता. पण मामा-मामी आले, आणि डोकं असं फिरलंय की टंकायला बसलोच.

मामा पाथर्डीकडचे. आयुष्य ऊसतोडीत गेलं. यंदा जुन्नरकडे फडावर होते. पट्टा पडल्यावर गावी परतायच्या आधी दोन दिवस माझ्याकडे महाळुंग्याला निघाले. वाटेत नाकाबंदी. पोत्यात गुंडाळलेले दोन कोयते सापडले. झालं! "काय आजोबा, कोयता गँग का?" दोन तास रस्त्याच्या कडेला बसवलं आणि कोयते ठेवून घेतले.

दोन का, तर एक मामांचा, एक मामींचा. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, माणशी नाही. एकटा असेल तर अर्धा कोयता. ज्या शब्दात दोन माणसांचा संसार मोजला जातो, तो आपण शहरातल्यांनी गुंडांना बहाल करून टाकलाय.

हे डिसेंबर २०२२ पासून फारच झालं. नागपूरच्या अधिवेशनात अजित पवारांनी पुण्यातल्या 'कोयता गँग'चा विषय काढला, आणि मग पेपरात रोज तेच. २०२३ च्या सुरुवातीला तर कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड घ्या, इथवर मजल गेली. जून २०२३ मध्ये भर सदाशिव पेठेत एका मुलीवर कोयता उगारला गेला. भीती खोटी आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. आमच्या चाकण पट्ट्यातही रात्रपाळीवरून येताना मी दोनदा मागे बघतो.

पण जप्त मालाचे फोटो नीट बघा हो एकदा. ऊसाचा कोयता म्हणजे रुंद, जड पातं, आखूड लाकडी मूठ. बुडातून ऊस तोडायचा आणि शेंड्याचं वाढं छाटायचं. कोकणातला वेगळा, टोकाशी आत वळलेला, झावळ्या-फांद्यांसाठी. विळा आणखी वेगळा, अर्धगोल आणि बहुतेकदा दातेरी, गवताला नि भाताला. आणि फोटोत काय असतं? हातभर लांब पातळ पत्रा, मुठीच्या जागी पाईप वेल्ड केलेला. त्याने ऊस तोडून दाखवा, दुसऱ्या घावाला वाकेल! हे ऊसासाठी बनलेलंच नाही, माणसासाठी बनलंय. मग त्याला कोयता का म्हणायचं?

तिकडे इंडोनेशियात बघा. जावात गवत कापायचा तो 'आरित', आणि मदुरा बेटावरचा, शस्त्र म्हणून बदनाम असलेला तो 'चेलुरित'. आकार एकाच घराण्यातला, पण अवजाराला एक नाव आणि हत्याराला दुसरं. आम्ही मात्र सगळं एकाच व्हेरिएबलमध्ये कोंबतो आणि आउटपुट चुकलं की मामांना बसवून ठेवतो :(

कोणी म्हणेल, ज्याला लागलं त्याला नावाशी काय देणंघेणं? बरोबर आहे. पण कोर्टाला आहे. शस्त्र कायदा, १९५९ मधली 'शस्त्र' या शब्दाची व्याख्याच केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू वगळते. नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा उल्लेख आहे, तिथेही शेतीच्या अवजारांना सूट आहेच. आता पंचनाम्यात तुम्हीच 'लोखंडी कोयता' लिहिलंत, तर आरोपीचा वकील काय म्हणेल? "साहेब, शेतीचं अवजार आहे, यांनीच लिहिलंय." म्हणजे ढिसाळ नावाने गुंडाला पळवाट आणि मजुराला जाच. लांबी, रुंदी, मूठ कशाची, हे लिहायला किती वेळ लागतो? एक मेजरिंग टेप पुरते. पत्रकारांनीही 'धारदार हत्यार' लिहावं, तेवढीच शाई जाते.

असो. काल चाकणला मामांना नवीन कोयता बघायला नेलं. त्यांनी चारपाच हातात तोलले आणि परत ठेवले. मूठ बसेना. मामी एवढंच म्हणाल्या, "माझा हलका होता रे."

सोमवारी अर्धी सुट्टी टाकून पुन्हा विचारायला जातोय. येताना मेजरिंग टेप घेऊनच जाईन म्हणतो.