वाट आणि लगाम

कोंबडीखाली ठेवलेलं अंडं तीन दिवसांनी फोडलं, तर बलकावर तांबड्या धाग्यांची जाळी दिसते आणि मधे एक ठिपका टकटक हलत असतो. गावाकडच्या खाला-नानींना हे नवीन नाही. पण ही जाळी विणतं कोण?

पेशींना नकाशा मिळत नाही, निरोप मिळतो. जिथे प्राणवायू कमी पडतो तो भाग ‘व्हीईजीएफ’ नावाचं प्रथिन सोडतो. रक्तवाहिनीच्या पेशींवर ते धरणारे ग्राही असतात. त्यांतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या ग्राहीला निरोप पोचला की टोकाची पेशी बारीक बोटं पसरते आणि निरोप जिकडे दाट तिकडे सरकते. मागच्या पेशी वाढत तिच्यामागून जातात.

१९९५ साली टोरांटोत उंदरांमधला हा ग्राही काढून पाहिला. वाहिन्या बनल्याच नाहीत, भ्रूण नवव्या दिवसाच्या आसपास दगावले. पहिल्या क्रमांकाचा ग्राहीही काढून पाहिला. झालं उलटंच! पेशी भरमसाट वाढल्या, वाहिन्यांचा नुसता गुंता झाला आणि तेही भ्रूण जगले नाहीत. पहिला ग्राही व्हीईजीएफ घट्ट पकडतो, पण आत निरोप फारसा देत नाही. तो लगाम आहे. पुढच्या वर्षी कळलं की व्हीईजीएफच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक गेली तरी भ्रूण मरतो. इतकं काटेकोर माप! कुरआनात हे आधीच लिहिलंय असं दाखवण्याची घाई मला पटत नाही. अल्लाहची कुदरत या मापातच दिसते.

हाच लगाम कधी आईवर उलटतो. काही गरोदरपणांत वारेतून या पहिल्या ग्राहीचे सुटे तुकडे आईच्या रक्तात फार उतरतात आणि तिच्या वाहिन्यांना लागणारं व्हीईजीएफ अडवून धरतात. मग रक्तदाब चढतो, लघवीतून प्रथिनं जातात. डॉक्टर याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. बहुधा पाचव्या महिन्यानंतर होतो, आणि आई-बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतो.

आपल्या घरांत सासूबाई म्हणतात, ‘या दिवसांत सूज येतेच.’ पायांवर थोडी येते, खरं आहे. पण चेहरा-हात एकदम सुजले, डोकं ठणकत राहिलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बरगडीखाली दुखलं, तर सुनेला त्याच दिवशी दवाखान्यात न्या. आणि काहीच त्रास नसला तरी दर तपासणीला बीपी आणि लघवी तपासून घ्या, कारण सुरुवातीला तिला स्वतःला काहीच जाणवत नाही.