पत्र कोणी लिहावयाचे?

१० डिसेंबरच्या मानवी हक्क दिनाच्या सुमारास अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या उपक्रमात युरोपातील शाळकरी मुले परमुलखातील राजबंद्यांसाठी पत्रे लिहितात. आपले कोणी तरुण तेथे स्वयंसेवक म्हणून राबत असतील, तर त्यांचे कौतुकच केले पाहिजे. पण त्याच डिसेंबरात शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्यांवर काय दिसते? दिवाळीनंतर उचल घेतलेली कुटुंबे वीटभट्ट्यांवर गेलेली, झोपड्यांची दारे बंद आणि शाळेच्या हजेरीपटावर मुलांची नावे तेवढी शिल्लक! ज्याने पत्र लिहावयाचे तोच वर्गात नाही.

उचल म्हणजे कर्ज नव्हे. मजुरीचा दर ठरण्याआधीच मजूर बांधून घेण्याची ती रीत आहे. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली, हे भट्टीमालकांना ठाऊक नाही असे थोडेच आहे?

आणि पत्राने काय होणार, असे तरी आपण म्हणू नये. बंधुआ मुक्ती मोर्चाचे पत्रच सर्वोच्च न्यायालयाने रिट अर्ज मानले आणि १९८३ साली निकाल दिला. तेव्हा कार्यकर्त्यांनी यंदा भट्टीवर जावे. उचल किती, फिटली किती, हे मुलांकडूनच लिहून घ्यावे आणि ते पत्र जिल्हाधिकाऱ्यांना धाडावे. वेठबिगारीच्या चौकशीची जबाबदारी कायद्याने त्यांच्यावरच टाकली आहे.