रस्त्यांची प्रतवारी कोणासाठी?

गंगापूरसारख्या तालुक्याच्या गावी एकाच रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर, एस.टी., भाजीची हातगाडी आणि शाळेला निघालेली मुले एकाच वेळी वाट शोधत असतात. त्यातच वाळूजची औद्योगिक वसाहत याच तालुक्यात असल्याने कामगारांच्या मोटारसायकलींची भर पडते. कोंडी झाली की मागणी ठरलेली : रस्ता रुंद करा. परंतु विकार रुंदीचा नसून कामांच्या सरमिसळीचा आहे, हे क्वचितच ध्यानी घेतले जाते.

रस्त्याची कामे मुख्यतः दोन. दूरच्या वाहनाला पुढे जाऊ देणे आणि माणसाला घरा-दुकानाच्या दाराशी पोचविणे. ही दोन्ही एकाच पट्ट्यावर सुखाने नांदत नाहीत. म्हणूनच इंडियन रोड्स काँग्रेसने १९८३ च्या मानकांत शहरी रस्त्यांचे चार वर्ग पाडले आणि त्यांसाठी ताशी ८०, ६०, ५० व ३० किलोमीटर असे आराखड्याचे वेग ठरविले. विचार योग्य होता. मात्र मोजपट्टी वाहनाच्या वेगाची होती. पायी चालणाऱ्याच्या वाट्याला उरलीसुरली कड आली. रस्त्याची जागा वाहनांना नव्हे, माणसांना वाटून द्यावी, हे तत्त्व राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात यावयास २००६ साल उजाडले.

पुणे महापालिकेने २०१६ मध्ये रस्तेरचनेची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. जंगली महाराज रस्त्यावरील प्रशस्त पदपथ हे त्या विचाराचे दृश्य फळ होय. नेदरलँड्सने १९९० नंतरच्या दशकात रस्त्यांचे तीनच वर्ग केले आणि प्रत्येकाची घडण अशी ठेवली, की चालकाला पाटी न वाचताही आपला वेग उमगावा. प्रतवारी केवळ नकाशावर राहिली, तर तिचे मोल कागदाइतकेच.

छोट्या नगरपरिषदेला हे परवडेल काय, असा प्रश्न निघेल. वास्तविक महाग आहे ते रुंदीकरण. त्यात भूसंपादनाचा मोबदला द्यावा लागतो. प्रतवारीस प्रामुख्याने निश्चय लागतो. रस्त्यावर फुकट उभी राहणारी मोटार म्हणजे पायी चालणाऱ्यांनी मोटारवाल्यास दिलेले अनुदानच होय! गिऱ्हाईक तुटेल, ही व्यापाऱ्यांची भीती समजण्याजोगी आहे. पण गावच्या बाजारपेठेतील बरेचसे गिऱ्हाईक पायीच येते, हेही त्यांना ठाऊक आहे. फेरीवाल्यांना हुसकावण्याचेही कारण नाही; २०१४ च्या कायद्याने त्यांच्यासाठी विक्रीक्षेत्रे आखण्याची तरतूद केली आहे.

आरंभ साधा असू शकतो. बाजारच्या दिवशी आणि शाळा सुटताना कोणत्या रस्त्यावर किती माणसे चालतात, किती वाहने जातात, याची मोजणी महाविद्यालयाचे विद्यार्थीही करू शकतील. त्या आकड्यांवरून जाण्याचा रस्ता, बाजाराचा रस्ता आणि वस्तीची गल्ली वेगळी करावी. मोठ्या शहरांना आपल्या चुका निस्तरण्यास अपार खर्च येतो. गंगापूरला त्या टाळण्याची संधी अजून आहे. ती दवडली, तर त्याची किंमत शाळेच्या वाटेवरील मुलांना मोजावी लागेल.