बुटाचा नंबर का वाढतो?

वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या माणसाचा बूट आठ नंबरचा होता, तो नऊ झाला, मग दहा झाला, तरी घरात कोणी विचारीत नाही. अंगठी निघेना म्हणून सोनाराकडून कापून घेतली. जबडा पुढे आला, दातांत फटी पडल्या, आवाज घोगरा झाला, घोरणे वाढले. शेजारी म्हणतात, ‘अंग भरलंय, चांगलं आहे.’ आम्ही म्हणतो, लग्नातला फोटो काढा आणि आजच्या चेहऱ्याशेजारी धरून पाहा.

या रोगाला ॲक्रोमेगली म्हणतात. नाकाच्या मुळामागे, मेंदूच्या तळाशी, वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्यात गाठ होते. ही गाठ सहसा कॅन्सरची नसते, पण वाढीचे हार्मोन प्रमाणाबाहेर सोडते. लहान वयात झाली तर मूल ताडमाड वाढते. कुस्तीगीर ग्रेट खली यांची पिट्युटरीची गाठ २०१२ साली अमेरिकेत पिट्सबर्गला काढली. मोठेपणी उंची वाढत नाही, हातपाय आणि चेहरा वाढतो. आत हृदयही वाढते, रक्तदाब चढतो, साखर होते, नजरेच्या कडा अंधुक होतात. करणी-भानामतीचा येथे काही संबंध नाही.

पहिला इलाज ऑपरेशन, तेही बहुधा नाकावाटे. मोठी गाठ मात्र सगळी निघतेच असे नाही. तेथे औषधे लागतात. या हार्मोनला आवर घालणारा शरीरातलाच पदार्थ, सोमॅटोस्टॅटिन, १९७३ साली रॉजर गिलेमिन यांच्या प्रयोगशाळेत हाती लागला. पण तो रक्तात दोन-तीन मिनिटांत विरतो. पुढे स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी त्याची टिकाऊ नक्कल तयार केली, ती ऑक्ट्रिओटाइड. पूर्वी दिवसाला तीन सुया टोचाव्या लागत, आता महिन्याला एक पुरते. जुलाब, पोटदुखी होते, पित्ताशयात खडे होऊ शकतात; त्यावर डॉक्टरांनी लक्ष ठेवावे लागते. पेगव्हिसोमंट नावाचे दुसरे औषध गाठीला हात लावीत नाही, हार्मोनचा परिणाम अडवते. ते सहसा रोज टोचतात.

ही सुई महाग आहे, हे आम्ही लपवीत नाही. रोजंदारीच्या घराला तर फारच. म्हणून कॅबरगोलिन गोळीविषयी डॉक्टरांना जरूर विचारा. ती आठवड्यातून एक-दोनदा घेतात, सुईपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते, आणि रोग सौम्य असेल तर काहींचे तेवढ्यावर भागते. सर्वांचे नाही.

खरा घात पुढे होतो. सुईने डोकेदुखी आणि घाम कमी झाला की घरचे म्हणतात, ‘बरं वाटतंय ना, मग पैसे कशाला घालवायचे?’ औषध सुटले की बहुतेकांचे हार्मोन पुन्हा चढते, आणि हृदय मुकाट्याने झिजत राहते. कमी करायचे की थांबवायचे, हे आयजीएफ-१ ही रक्ततपासणी पाहून डॉक्टरांनी ठरवावे, शेजाऱ्याने नव्हे. निदानाची सुरुवातही त्याच तपासणीने होते, मग एमआरआय.

शंका असेल तर घाटीत दाखवा. मुंबईच्या केईएम रुग्णालयात हार्मोनच्या रोगांचा स्वतंत्र विभाग आहे. ऑपरेशनचे ठरले तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधी गाठा. रेशनकार्ड बरोबर असू द्या, आणि तो लग्नातला फोटोही.