पाणी अडविले, पण वाटायचे कसे?

दर उन्हाळ्यात टँकरच्या बातम्या येतात आणि पावसाला दोष देऊन आपण मोकळे होतो. परंतु प्रश्न केवळ पावसाचा नाही, वाटपाचाही आहे. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात येशूसंघीय धर्मगुरू दिवंगत फादर हर्मन बाखर यांनी पाणलोट विकासाचे कार्य रुजविले. अशा कामात बांधबंदिस्ती, चर व वृक्षलागवड यांसाठी सारे गाव राबते. मात्र सर्वांच्या श्रमांतून मुरलेले पाणी पुष्कळदा ज्याची विंधन विहीर सर्वांत खोल, त्याच्याच शेतात जाते. कष्ट सामायिक, लाभ खाजगी!

यावर उपाय आहेत. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभारली. तेथे पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे, माणसांवर ठरला : दरडोई अर्धा एकर, कुटुंबास कमाल अडीच एकर भिजेल एवढे पाणी. भूमिहीनांचाही हक्क मान्य झाला. उसाला मनाई झाली. हिवरे बाजार येथे ग्रामसभा पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडून पिकांचे नियोजन करते. शेतीसाठी विंधन विहिरींना तेथे बंदी आहे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ (२०१५) या परिपत्रकात सुरक्षित पिण्याचे पाणी हा मूलभूत मानवी हक्क असल्याचे स्पष्ट केले. ख्रिस्ती शेतकऱ्यांनी हा विषय ग्रामसभेत अवश्य मांडावा. तत्पूर्वी स्वतःची विहीर किती खोल न्यायची, याचा प्रार्थनापूर्वक विचार करावा. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा विहिरीच्या काठाशी थांबत नाही.