जावईबापूंचा प्रश्न

पहिलें बाळंतपण माहेरीं व्हावें, या रीतीस अनुसरून आमची धाकटी कन्या सातव्या महिन्यांत सारोळ्यास आली आहे. गेल्या रविवारीं जावईबापू पुण्याहून तिला भेटावयास आले. जेवणें आटोपून आम्ही दोघे ओसरीवर पानसुपारी घेत बसलों असतां त्यांनीं खिशांतला मोबाइल काढून आमच्या कानाशीं धरला. टांग्याचा घोडा भरधांव चालला असावा, तसा आवाज आंत चालला होता.

“बाळाच्या हृदयाचे ठोके,” ते म्हणाले, आणि जरा थांबून, “बाबा, यंत्रें सर्व कांहीं दाखवितात. पण बापानें करावयाचें काय, तें कोणी सांगत नाहीं.”

हा प्रश्न आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं उभा असेल. म्हणून त्याचा थोडा विचार करूं.

मनुष्याच्या कानास सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकूं येतो. सोनोग्राफींत २० लक्षांहूनही अधिक कंपनांचा ध्वनि पोटांत सोडतात व त्याच्या प्रतिध्वनींवरून चित्र काढतात. धातूंतील चिरा शोधण्याची ही युक्ति ग्लासगो येथील डॉ. इयान डोनाल्ड यांनीं वैद्यकांत आणिली, आणि १९५८ सालीं गर्भाचीं चित्रें प्रसिद्ध केलीं. मिनिटास ११० ते १६० ठोके पडणारें तें इवलेंसें हृदय आज बापास घरबसल्या ऐकतां येतें, हें लहानसहान भाग्य नव्हे.

त्याचें मोल कळण्यास मागें पाहावें. आनंदीबाई जोशी यांस चौदाव्या वर्षीं पुत्र झाला, आणि तो अवघा दहा दिवसांचा होऊन गेला. तें शल्य उरांत घेऊन त्या अमेरिकेस गेल्या, ‘आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्र’ या विषयावर प्रबंध लिहून १८८६ सालीं डॉक्टर झाल्या, आणि पुढच्याच वर्षीं पुण्यास वारल्या.

परंतु ज्या यंत्रास ‘बाळ सुखरूप आहे ना?’ एवढेंच विचारावयाचें, त्यास भलताच प्रश्न विचारण्याची बुद्धि सुशिक्षितांसही झाली. महाराष्ट्रानें १९८८ सालीं व केंद्र सरकारनें १९९४ सालीं कायदा केला. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागें महाराष्ट्रांत १९९१ सालीं ९४६ मुली होत्या, त्या २००१ सालीं ९१३ व २०११ सालीं ८९४ झाल्या. यांत यंत्राचा दोष कोणता?

मुली होतात म्हणून सुनेस बोल लावणाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. मातेच्या बीजांत ‘एक्स’ हें एकच गुणसूत्र असतें. पित्याच्या बीजांत ‘एक्स’ किंवा ‘वाय’. कन्या कीं पुत्र, हें पित्याकडून आलेल्या बीजावर ठरतें. नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन विदुषीनें १९०५ सालीं किड्यांच्या अभ्यासावरून या ज्ञानाचा पाया घातला.

कोणी पुंसवनाचा दाखला देतील. पुत्राची इच्छा आपल्या ग्रंथांत आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण बृहदारण्यकोपनिषदांत, विदुषी कन्या व्हावी असें इच्छिणाऱ्या दांपत्यानें तिळांचा भात तूप घालून खावा, असेंही सांगितलें आहे. तेवढें मात्र आम्ही सोयीनें विसरलों.

‘आम्ही’ हा शब्द येथें केवळ लिहिण्याची रीत म्हणून नाहीं. १९९३ सालची गोष्ट. थोरली कन्या घरांत खेळत होती आणि दुसऱ्यानें दिवस गेले होते. एका हितचिंतकानें “या खेपेस तपासून घ्या” असें सुचविलें. राज्यांत कायदा होऊन पांच वर्षें झालीं होतीं. वर्गांत मुलांस नीतीचीं सुभाषितें शिकविणारे आम्ही; पण त्या वेळीं आमच्या तोंडून ना होकार निघाला, ना नकार. उत्तर आमच्या कुटुंबानें दिलें : “जें येईल तें माझें आहे.” ती दुसरी कन्या आज आंत बसून टोपडें शिवीत आहे.

म्हणून जावईबापूंस आम्हीं सांगितलें, बापानें गप्प बसूं नये. रक्तदाब किती, रक्त कमी तर नाहीं ना, लोहाच्या गोळ्या वेळेवर घेतल्या जातात कीं नाहीं, हें विचारावें. रात्रीं कळा आल्यास नीरा ओलांडून शिरवळ गाठावें कीं पुणें, वाहन कोणाचें, रक्त लागल्यास कोण देईल, हें आधींच ठरवावें. आणि जें विचारूं नये तें घरांत कोणीं विचारलें, तर बायकोला उत्तर देण्याची पाळी येऊं देऊं नये.

सायंकाळीं ते निघाले तेव्हां आमच्या थोरल्या वहिनींनीं हळूच विचारलें, “काय हो जावईबापू, डॉक्टरीणबाई कांहीं बोलल्या का?”

आम्ही कांहीं म्हणण्यापूर्वींच ते उत्तरले, “होय काकू. बाळाची वाढ उत्तम आहे. हिचें रक्त मात्र थोडें कमी आहे. त्यापलीकडे आम्हांस कांहीं विचारावयाचेंच नाहीं.”

वहिनी क्षणभर थांबल्या, आणि मुलीसाठीं अहाळिवाचे लाडू करावयास आंत गेल्या.